दादानं निवडायचं

१

दुसरी पाळी असली की वाल्मीकच्या सकाळी मोकळ्या असायच्या. अंबडच्या कारखान्यात तीनला हजर व्हायचं; तोवर घरात तो आणि त्याची आई सुमनबाई, दोघंच. बायको, मनीषा, सातलाच शाळेत शिकवायला निघून जायची. सुमनबाई हॉलमध्ये जुनं लुगडं अंथरून झेंडूचे हार ओवत बसायच्या. मखमलाबादचा मळा दिरांकडं गेला, नाक्याजवळच्या या दुसऱ्या मजल्यावर येऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचे हात रिकामे बसायला तयार नव्हते. सुई फुलातून जाताना होणारा बारीकसा ‘कच्च’ आवाज आणि झेंडूचा उग्र वास, एवढंच त्या घरात सकाळी असायचं.

आतली खोली तेजस्विनीची. वाल्मीकची धाकटी बहीण. ती जाऊन सहा महिने झाले होते.

तेजू नऊ वर्षांची असताना तिला सांधे धरणारा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाची झडप खराब करून गेला. तेव्हापासून तिचं सगळं बेतानं. इमारतीला लिफ्ट नव्हती. सात पायऱ्या चढली की ती थांबायची, कठडा धरायची, आणि मागं वळून बघायची. कुणी येत असेल तर भिंतीला चिकटून वाट द्यायची. “जा तुम्ही पुढं, मी येते सावकाश.” शेजाऱ्यांना तिचा आवाज आठवायचा तो याच वाक्यातला.

पण एका ठिकाणी तेजू पळायची. ‘व्हेलगार्ड’ नावाचा एक खेळ होता, संगणकावरचा. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्यात उतरायचे. प्रत्येकानं आपला एक माणूस घडवायचा, त्याला नाव द्यायचं, आणि त्या जगात हिंडायचं. तेजूनं पिवळ्या झग्यातली एक बाई घडवली आणि तिचं नाव ठेवलं झेंडूबाई. भावाचं नाव तिनंच ठेवलं, वाल्या. अकरा वर्षं दोघं त्यात होते. झेंडूबाई डोंगर एका दमात चढायची आणि वर उभी राहून लिहायची, ‘ये की रे म्हाताऱ्या.’

“तिथं मला धाप लागत नाही, दादा,” असं ती एकदा म्हणाली होती. पुन्हा कधी म्हणाली नाही, पण एकदा म्हटलेलंच पुरे होतं.

गेल्या मार्चअखेर कंपनीनं तो खेळ बंद केला. शेवटच्या दिवशी लोक चौकात जमले, फटाके उडवले आणि पडदा काळा झाला. तेजूनं त्याच आठवड्यात दुसऱ्या खेळांची यादी केली आणि निवडायचं काम दादावर सोपवलं. “तू जो म्हणशील तो. पण तू यायचं.”

वाल्मीक ‘बघतो’ म्हणाला. तेव्हा त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. चौतिसाव्या वर्षी खोलीत बसून झेंडूबाईच्या मागं पळायचं, हे बायकोसमोर त्याला नको वाटायला लागलं होतं. सरळ तसं सांगायचा धीर नव्हता. म्हणून बघतो, या रविवारी बघतो, अजून दोन खेळांची माहिती काढतो. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. जुलैत तेजूची झडप बदलायचं ठरलं. आदल्या दिवशी वॉर्डातून तिचा मेसेज आला, ‘दादा, झालं का ठरवून?’ त्यानं तो कँटीनमध्ये वाचला आणि फोन खिशात टाकला. घरी जाऊन नीट उत्तर देऊ म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही.

जानेवारीत सुमनबाई म्हणाल्या, “तेजूचा काम्प्युटर असाच धूळ खातोय. कुणाच्या पोराला तरी दे.” देण्याआधी आतलं सगळं एकदा पुसून घ्यावं म्हणून वाल्मीकनं तो चालू केला. पडद्यावर एकच फाईल होती. नाव होतं, ‘दादानं निवडायचं’. आत पाच खेळांची नावं एकाखाली एक. प्रत्येकापुढं एक रिकामी चौकट.

त्या चौकटी त्याच्यानं बघवेनात. ‘निदान एकेक बघू तरी,’ तो मनाशी म्हणाला. ‘तेवढं तरी देणं लागतो मी.’

२

पहिला खेळ ‘थॉर्नवे’. नेटवरून उतरवून घ्यायला दोन सकाळी गेल्या.

आपला माणूस घडवायच्या आधी त्याच्या मनात आलं, झेंडूबाईच घडवावी. तिला थोडं चालवून बघावं. त्यानं नाव लिहिलं. खेळानं उत्तर दिलं, हे नाव आधीच घेतलेलं आहे.

जगात दुसरं कोण हे नाव घेणार? त्याला नवल वाटलं नाही. तेजूनंच घेऊन ठेवलं असणार. यादी करताना पाचही ठिकाणी आपलं नाव आधीच राखून ठेवणं, हे अगदी तिच्यासारखंच होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मुकाट्यानं ‘वाल्या’ लिहिलं आणि आत गेला.

खेळ एका किल्ल्याच्या दारात सुरू होत होता. खाली लांबच लांब चढणीचा रस्ता. तेजूचा संगणक जुना, म्हणून लांबचं दिसणं खेळानं आपोआप कमीत कमीवर ठेवलेलं. चाळीसेक पावलांपलीकडं सगळं पांढरं धुकं. धुक्यातून नवे खेळाडू येत, उड्या मारत, वाल्याला ओलांडून आत पळत. बाहेर हॉलमध्ये सुई चालू होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं.

दहा मिनिटांनी धुक्यातून एक पिवळा झगा बाहेर आला.

ती पळत नव्हती. चढणीवरून चालत येत होती. थोडं चालली, थांबली. मागं वळून बघितलं. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. मागून दोघं पळत आले तशी रस्त्याच्या कडेला सरकली, त्यांना पुढं जाऊ दिलं, मग निघाली. डोक्यावर नाव होतं, झेंडूबाई.

वाल्मीक नकळत पावलं मोजायला लागला. सहा. सात. थांबली. एक, दोन, तीन... सात. थांबली.

खेळातल्या माणसाला धाप लागत नाही. बटण दाबलं की तो पळतो, सोडलं की थांबतो. असं कुणी चालवत नाही. चालवायचंच म्हटलं तरी त्याला जिन्यातली तेजू माहीत असायला हवी.

ती वीस पावलांवर आली तेव्हा त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. संगणकाचा पंखा हळूहळू थांबत गेला. पंखा पूर्ण थांबला, तरी कानावरच्या हेडफोनमध्ये दोन क्षण कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्यानं तो काढून टेबलावर ठेवला. आपलाच श्वास असेल, असं स्वतःला सांगितलं.

३

वाल्मीक कारखान्यात मापं तपासायच्या विभागात होता. भाग मापात बसला नाही तर मशीनला भूत लागलं म्हणून चालत नाही. पुन्हा मोजायचं, कुठं चुकलं ते शोधायचं. पंधरा वर्षं त्यानं तेच केलं होतं. त्यानं इथंही तेच करायचं ठरवलं.

झेंडूबाई आणि जिन्यातली तेजू, दोघी माहीत असणारा तिसरा माणूस एकच होता. मनमाडचा साई. रेल्वेत नोकरीला, व्हेलगार्डमध्ये त्यांच्या टोळीत सात वर्षं. तेजूला भेटायला दोनदा घरी आला होता. एकदा तिच्या पाठोपाठ जिनाही चढला होता. वाल्मीकनं त्याला फोन लावला.

“साई, थॉर्नवे खेळतोस का तू?”

“नाही भाऊ. व्हेलगार्ड गेल्यापासून काहीच नाही. का?”

“तेजूचं नाव घेऊन कुणीतरी फिरतंय.”

साई म्हणाला, “भाऊ, तुम्हाला वाटतंय मी आहे. माझ्या पोराची शप्पथ. ताईच्या नावानं असलं मी करीन का?”

त्याचा आवाज दुखावलेला होता. वाल्मीकनं माफी मागितली. पण मनात म्हणाला, अजून एक माप घेऊ. यादीतला दुसरा खेळ, ‘कोरल थ्रोन’, त्यानं कुणालाही न सांगता उतरवला. साईला नाही, मनीषाला नाही. कुणी चेष्टा करत असेल तर त्याला इथं यायचं कळणारच नाही.

हा खेळ समुद्रकाठी सुरू होत होता. पांढरी वाळू, उलथलेली होडी. वाल्या होडीपाशी उभा राहिला. त्या सकाळी सुमनबाई फुलं आणायला गेल्या होत्या. घरात नळाचं थेंब थेंब पाणी सोडलं तर आवाज नव्हता.

ती वाळूतून आली. सात पावलं, थांबणं, मागं बघणं. या वेळी त्यानं बटणाला हात लावला नाही. ती होडीपर्यंत आली, त्याच्यासमोर उभी राहिली. मग खालच्या पट्टीत अक्षरं उमटली. तेजू मराठी रोमन लिपीत लिहायची, तशीच.

‘हाच का, दादा?’

त्यानं लिहिलं, ‘कोण आहे?’

ती मागं वळली, धुक्याकडं बघितलं, परत फिरली.

‘हाच का? थांबू इथं?’

‘कोण आहेस तू? खरं सांग.’

‘थांबू का, दादा?’

त्यानं खेळ बंद केला. पुसूनही टाकला. आंघोळीला गेला आणि बादली भरून वाहायला लागली तरी तसाच उभा राहिला. त्याला भीती वाटली होती, हे खरं. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त वाईट होतं. तिनं विचारलेलं त्याला चुकवायचं होतं. पुन्हा एकदा. सहा महिन्यांपूर्वीसारखंच.

४

तिसरा खेळ डोंगरातला, ‘सेव्हन लँटर्न्स’. या वेळी त्यानं साक्षीदार घेतला. रविवारी सकाळी साई मनमाडहूनच खेळात आला. दोघं फोनवर बोलत होते. साईचं मशीन नवीन होतं, त्याला धुकं नव्हतं. अख्खी दरी दिसत होती.

“आली,” साई म्हणाला. वाल्मीकला अजून पांढरंच दिसत होतं. “भाऊ... झेंडूबाई लिहिलंय. पिवळाच झगा.”

“कशी चालतेय?”

“ताईसारखी,” साई म्हणाला.

धुक्यातून ती बाहेर आली तेव्हा वाल्मीकनं मोजलं. एक, दोन, तीन, चार. थांबली. पुन्हा चार. मागच्या आठवड्यात सात होती.

घरातही असंच झालं होतं. जूनपर्यंत सात पायऱ्या, जुलैत चार.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो एक खेळ बघायचा, पुसायचा, दुसऱ्यात जायचा. बटणं दाबून, बसल्या जागी. आणि ती? ती प्रत्येक वेळी नव्यानं, कुठून तरी लांबून, पायी चालत येत होती. किल्ल्याची चढण, मग वाळू, आता डोंगर. त्याचं निवडणं तिला चालवत होतं.

“भाऊ,” साईचा आवाज आला, “ताईच्या मागं कोण आहे?”

“कुठं?”

“लांब आहे. दरीच्या पलीकडच्या पायवाटेवर. त्याला नावच नाही डोक्यावर. बाकी सगळ्यांना आहे.”

“असेल कुणी तरी नवीन.”

“असेल,” साई म्हणाला. “पण सगळे पळतात. हा चालतोय.”

वाल्मीकचं तिकडं लक्ष नव्हतं. ती वर आली होती. पट्टीत अक्षरं उमटत होती, एकेक, मध्ये मोठी जागा सोडून, जसं दम खाऊन बोलावं.

‘हाच का, दादा?’

‘हा नको,’ त्यानं लिहिलं. ‘इथं फार चढण आहे तुला.’

लिहून झाल्यावर त्याला कळलं, आपण ‘तुला’ लिहिलं.

५

सोमवारी तो यादी समोर ठेवून बसला होता. तिसऱ्या खेळातून बाहेर पडायला मन होत नव्हतं. झेंडूबाई समोरच्या दगडाला टेकून उभी होती, अधूनमधून मागं बघत होती. सुमनबाई दोऱ्याचं रीळ शोधायला खोलीत आल्या आणि त्याच्या पाठीशी थांबल्या.

त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं. तेजू खेळायची तेव्हा त्या दारातूनच म्हणायच्या, “डोळे फुटतील.” वाल्मीकनं घाईनं पडदा बंद करायला हात नेला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

त्याच वेळी झेंडूबाई चार पावलं चालली. थांबली. मागं बघितलं.

सुमनबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला झेंडूचा वास होता. त्यांनी काही विचारलं नाही. ही कोण, हे कसं, काहीच नाही.

“लय दमलीय ती,” त्या म्हणाल्या.

“आई, हा खेळ आहे.”

“आसंल. पन दमलीय.” त्या थोडा वेळ बघत राहिल्या. “तू तिला किती ठिकानी नेतोस? बसव की कुठंतरी. सपाट जागा बघून बसव. मी तिला जिन्यात एक खुर्ची ठिव म्हनून तुला किती येळा सांगितलं व्हतं.”

खरंच सांगितलं होतं. जिन्याच्या वळणावर प्लास्टिकची एक खुर्ची. शेजारी काय म्हणतील म्हणून तेही राहिलं.

रीळ घेऊन त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळानं सुईचा आवाज सुरू झाला, मग थांबला, आणि बराच वेळ थांबलेलाच राहिला.

६

चौथा खेळ त्यानं बघितलाच नाही. नावावरूनच तो पर्वतातला होता. त्यानं पाचवा घेतला, ‘मॉसफर्ड’. लोकांनी लिहिलं होतं, फार साधा, लढाया नाहीत, म्हाताऱ्यांसाठी बरा. नदीकाठचं सपाट गाव. चार घरं, एक लाकडी पूल, आणि चिंचेसारख्या एका झाडाखाली बाक.

वाल्या बाकाशी उभा राहिला. ती यायला त्या दिवशी दोन तास लागले. आली ती दोन-दोन पावलं टाकत.

‘हाच का, दादा?’

‘हो,’ त्यानं लिहिलं. ‘हाच. ठरलं.’

ती हलली नाही. मग, ‘नक्की? थांबू?’

‘थांब. इथं बस. आता कुठं जायचं नाही.’

झेंडूबाई बाकावर बसली. वाल्या शेजारी बसला. वाल्मीक खुर्चीत बसून, तोंडावर हात दाबून रडला, आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून छताचा पंखा मोठा केला.

पुढचे पाच दिवस त्याच्या आयुष्यातले विचित्र दिवस होते. सुखाचे होते असं म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मनीषा शाळेत गेली की तो खोलीत जायचा. ती बाकावर असायचीच. त्यानं संगणक बंद केल्यावर ती कुठं जाते, हे त्यानं विचारलं नाही. ती फार बोलायची नाही. तो सांगायचा, मनीषानं कुंडीत शेवंती लावलीय, आईचा गुडघा दुखतो. ती लिहायची, ‘बरं.’ कधी ‘हं.’

तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, ‘तेजू, मला खेळायचंच नव्हतं. मी तुला चार महिने खोटं सांगत होतो.’

‘माहीत होतं.’

‘मग विचारत का होतीस?’

अक्षरं आली. ‘एकटीनं चालायला नको वाटतं.’

एकच गोष्ट तिची गेली नव्हती. बसल्या बसल्या ती मान वळवून पुलाकडं बघायची. दर थोड्या वेळानं. वाल्मीकला ते सोसवेना. जिन्यातली सवय, त्यानं मनात म्हटलं. बिचारीला बसल्यावरही वाटतं की कुणाची तरी वाट अडवतेय.

‘मागं बघू नकोस आता,’ चौथ्या दिवशी त्यानं लिहिलं. ‘कुणी नाही मागं. निवांत बस.’

‘बरं, दादा.’

त्यानंतर तिनं मागं बघितलं नाही. दादानं सांगितलेलं ती ऐकायची.

७

शनिवारी सकाळी साईचा फोन आला. वाल्मीक नुकताच आत येऊन बसला होता. बाकावर दोघं होते.

“भाऊ, तुम्ही सांगितलं म्हणून मी काल मॉसफर्डमध्ये येऊन गेलो. तुम्ही नव्हता. ताई होती.”

“मग?”

“तो पण आहे. बिननावाचा. नदीच्या पलीकडं होता काल. मी अर्धा तास बघत होतो भाऊ. हळू चालतो. पण थांबत नाही. एकदासुद्धा थांबला नाही.”

“साई, तुला म्हणायचं काय आहे?”

“ताई तुमच्याकडं चालत येत होती असं आपण धरून चाललोय,” साई म्हणाला. “ती कुणापासून तरी लांब चालत होती असं नसेल ना?”

वाल्मीकनं फोन टेबलावर ठेवला आणि हेडफोन कानाला लावला. त्यानं लांबचं दिसणं वाढवलं, एकदम शेवटापर्यंत. जुनं मशीन कण्हायला लागलं, चित्र अडकलं. मग धुकं एकदम उडालं आणि पूल दिसला.

पुलावर कुणीतरी होतं.

चित्र पुन्हा अडकलं. सुटलं तेव्हा ते पुलाच्या अलीकडं होतं. माणसाएवढं, किंवा माणसापेक्षा थोडं उंच. त्याच्या डोक्यावर जिथं नाव असायला हवं, तिथं उजेड जरा कमी होता. ते थेट बाकाकडं येत होतं. पाय घाईत नव्हते. ज्याला माहीत आहे की समोरचा दम खायला थांबणारच, त्याच्यासारखं.

चित्र अडकलं. सुटलं. आता ते झाडाच्या सावलीत होतं, बाकापासून दहा पावलांवर. झेंडूबाईनं मान वळवली नव्हती. तिला बघू नको म्हणून सांगितलेलं होतं.

मग तिनं बघितलं.

पट्टीत अक्षरं आली. ‘दादा, हे तुझ्याबरोबरचे आहेत का?’

‘नाही,’ त्यानं लिहिलं. बोटं चुकत होती. ‘ऊठ. पळ. तेजू पळ.’

ती उठली. तिनं प्रयत्न केला, हे त्यानं पाहिलं. एक पाऊल. दुसरं. मग ती थांबली, कठडा शोधावा तसा हात बाजूला गेला, आणि मागून कुणी आलं की ती आयुष्यभर जे करत आली होती तेच तिनं केलं. वाटेच्या कडेला सरकली. त्याला पुढं जायला जागा दिली.

ते पुढं गेलं नाही. तिच्याशेजारी येऊन पहिल्यांदाच थांबलं.

वाल्मीकनं वाल्याला मध्ये घालायला सगळी बटणं दाबली. चित्र अडकलेलं होतं. त्या अडकलेल्या चित्रात ते तिच्याकडं वाकलेलं दिसत होतं, आणि तोंड जिथं असायला हवं ती बाजू मात्र तिच्याकडं नव्हती. पडद्याच्या बाहेर, खोलीकडं होती. हेडफोनमध्ये तेजूची धाप ऐकू येत होती, आत घेतलेला श्वास, पुन्हा आत घेतलेला श्वास.

बाहेर सोडलेला श्वास त्याला ऐकू आला नाही.

चित्र सुटलं तेव्हा झाडाखाली वाल्या एकटा उभा होता. पुलावर ऊन होतं. कोण कुठले दोन खेळाडू पळत आले, बाकावर उड्या मारल्या, आणि निघून गेले.

तो तीनच्या पाळीला गेला नाही. तिथंच बसून राहिला, दुसऱ्या दिवशीही बसला, आणि यादीतला राहिलेला चौथा खेळ उतरवून त्या पर्वताच्या पायथ्याशीही तीन सकाळी उभा राहिला. धुक्यातून कुणी आलं नाही.

८

बुधवारी सुमनबाईंनी त्याला हाक मारली. त्या लुगड्यावर बसल्या होत्या, पुढ्यात झेंडूचा ढीग, पण हातात सुई नव्हती. चेहरा कितीतरी दिवसांनी हलका दिसत होता.

“बस जरा,” त्या म्हणाल्या. “एक सांगायचं व्हतं. मनीषाला बोलले नाय, तुला बोलते. तेजू गेल्यापास्नं रोज माझ्या सपनात यायची. रोज एकच. जिना चढतीय आन् जिना सरत नाय. मी वरून हाक मारते, तिला ऐकू जात नाय. सहा महिने झाले, एक रात चुकली नाय.”

वाल्मीक लुगड्याच्या कडेला टेकला.

“शनिवारपास्नं आली नाय ती. चार राती झाल्या. जिना रिकामा.” त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. “तू तिला बसवलंस ना त्या दिशी? मी म्हनलं व्हतं तसं?”

“हो.”

“तरीच. सुटली बघ पोर.” त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. “सुटली ना रे, वाल्मीक? तुला काय वाटतं?”

बाहेर जिन्यात कुणीतरी भाजीची पिशवी घेऊन झपझप वर गेलं, न थांबता. दोघांनी ती पावलं वरच्या मजल्यापर्यंत ऐकली.

“हो, आई,” वाल्मीक म्हणाला. “सुटली.”

सुमनबाईंनी मान हलवली, सुईत दोरा ओवला, आणि पहिलं फूल उचललं.